हुंड्यात दिलेला किल्ला

लग्नसराई सुरू झाली की सोलापूरच्या नवी पेठेत पाय ठेवायला जागा नसते. आसपासच्या गावांतून माणसं बस्ता बांधायला येतात. मानापानाच्या साड्या, व्याह्यांचा आहेर, टॉवेल-टोप्या असं सगळं एका फेरीत उरकायचं असतं. इथून भुईकोट किल्ला चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बहुतेक सोलापूरकरांच्या लेखी किल्ला म्हणजे बाग, तटावरून दिसणारं सिद्धेश्वराचं तळं आणि लहानपणची सहल. पण १५६४च्या सुमारास दख्खनमध्ये एक लग्न ठरलं आणि त्याच्या देण्याघेण्यात हा अख्खा किल्ला होता. मुलगी अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची, तिचं नाव चांदबीबी. जावई विजापूरचा अली आदिलशहा. हे लग्न म्हणजे एका लष्करी युतीचा करार होता. त्या युतीने पुढे काही महिन्यांतच विजयनगरसारखं बलाढ्य साम्राज्य मोडून काढलं.

सोलापूर आणि परराष्ट्र धोरण असा विषय निघाला की डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकातले ते इथलेच. ती गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. किल्ल्याची गोष्ट मात्र तालीकोटच्या लढाईच्या वर्णनात एका ओळीत आटोपली जाते: ‘हुंड्यात सोलापूर दिलं.’ मला विचाराल तर त्या सगळ्या प्रकरणाची किल्ली याच ओळीत आहे.

आधी जमीन पाहू. बहमनी सल्तनत मोडली तेव्हा दख्खनमध्ये पाच राज्यं उभी राहिली. अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, बीदरची बरीदशाही आणि वऱ्हाडची इमादशाही. कृष्णेच्या दक्षिणेला विजयनगर. यांच्यामध्ये डोंगररांगांच्या भिंती फारशा नाहीत, मोकळा पठारी मुलूख आहे. सीमा ठरायची ती नद्यांनी आणि किल्ल्यांनी. सोलापूर भीमा आणि सीना या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, नगर आणि विजापूर यांच्या वाटेवर. विजापूर इथून शंभरेक किलोमीटर. सोलापूर नगरकरांकडे असेल तर विजापूरच्या दारातच त्यांचा तळ पडल्यासारखा. ते विजापूरकडे असेल तर भीमा ओलांडून उत्तरेत पाय रोवायची सोय. शिवाय किल्ल्याबरोबर महसुलाचे साडेपाच परगणे जोडलेले होते. तेव्हाच्या तहांत आणि तक्रारींत हे ‘साडेपाच परगणे’ इतक्या वेळा येतात, की वाचणाऱ्याला ते तोंडपाठ होतात.

विजापूरची दुसरी दुखरी जागा दक्षिणेला होती. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधला सुपीक दुआब, त्यात रायचूर आणि मुदगल हे दोन किल्ले. त्यांच्यावर विजयनगरचा डोळा. म्हणजे विजापूरला एका अंगाला सोलापूरची काळजी आणि दुसऱ्या अंगाला रायचूरची. दोन्ही आघाड्यांवर एकाच वेळी लढणं कुणालाच परवडत नाही. विजापूरच्या शेजाऱ्यांना हे चांगलं कळत होतं.

सोलापूर लग्नात द्यायची कल्पना १५६४ची नव्हे. चाळीस वर्षांपूर्वी तो प्रयोग एकदा होऊन फसला होता. १५२४च्या सुमारास सोलापुरातच इस्माईल आदिलशहा आणि बुऱ्हाण निजामशहा यांची भेट झाली. इस्माईलची बहीण मरियम बुऱ्हाणला देण्यात आली आणि तिच्याबरोबर सोलापूर आणि ते साडेपाच परगणे द्यायचे ठरले. मुलगी सासरी गेली. किल्ला द्यायची वेळ आली तेव्हा विजापूरने हात आखडता घेतला. बुऱ्हाणने वऱ्हाडच्या इमादशहाला सोबत घेऊन चढाई केली आणि मार खाल्ला. जी सोयरीक मैत्रीसाठी झाली तीच पुढच्या कित्येक लढायांचं कारण ठरली. नगरकरांच्या दृष्टीने सोलापूर हा ठरलेला पण बुडवलेला हुंडा होता, आणि अशा गोष्टी घराणी विसरत नाहीत.

बुऱ्हाणने मग दुसरा रस्ता धरला. १५५१च्या सुमारास त्याने विजयनगरचा कारभार हाकणाऱ्या रामरायाशी संधान बांधलं. वाटणी आधीच ठरली: रायचूर-मुदगल रामरायाने घ्यायचं, सोलापूर बुऱ्हाणने. दोघांनीही आपापलं घेतलं. सोलापूरला वेढा पडला आणि किल्ला नगरकरांच्या हाती आला. या युतीत एक हिंदू सत्ताधीश आणि एक सुलतान आहे आणि दोघे मिळून दुसऱ्या सुलतानाला लुटताहेत, याचं त्या काळी कुणाला नवल वाटलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं.

आता १५५८च्या आसपासचं चित्र पाहा. विजापूरच्या गादीवर तरुण अली आदिलशहा आला. त्याला दोन्ही दुखणी मिटवायची होती, पण एकेक करून. त्याने आधी रामरायाचीच मदत घेतली. रामरायाचा मुलगा वारला तेव्हा अली स्वतः थोड्या लोकांनिशी विजयनगरला सांत्वनाला गेला, आणि रामरायाच्या बायकोने त्याला मुलगा मानलं, असं फिरिश्ता लिहितो. हा फिरिश्ता आधी नगरच्या पदरी होता आणि १५८९ साली विजापूरला आला. म्हणजे या भांडणाची दोन्ही घरं त्याने आतून पाहिलेली. अर्थात इतिहास त्याने लिहिला तो विजापूरच्या दरबारात बसून, हे वाचताना लक्षात ठेवायला हवं.

अली आणि रामराय यांनी गोवळकोंड्यालाही सोबत घेऊन नगरवर स्वारी केली. अलीची मागणी होती कल्याणी आणि सोलापूर. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. हुसेन निजामशहाला नमावं लागलं, कल्याणी सोडावी लागली. तहाच्या वेळी रामरायाच्या हातून विडा घेतल्यावर हुसेनने हात धुतले आणि त्यावरून भडका उडाला, अशी गोष्ट फिरिश्ता सांगतो. विडा खरा असो की नसो, किल्ल्याच्या किल्ल्या रामरायाच्या हाती दिल्या गेल्या आणि त्याने त्या अलीकडे पाठवल्या, हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दोन सुलतानांच्या भांडणाचा निवाडा आता विजयनगरचा रामराय करत होता.

१५६१च्या सुमारास पुन्हा तेच. हुसेनने आपली दुसरी मुलगी जमाल बीबी गोवळकोंड्याच्या इब्राहीम कुतुबशहाला दिली आणि दोघांनी कल्याणीला वेढा घातला. अलीने पुन्हा रामरायाला हाक मारली. हुसेनला पळता भुई थोडी झाली. नगरच्या किल्ल्याला वेढा पडला. मग सीना नदीला पूर आला आणि विजयनगरच्या छावणीतली बरीच माणसं आणि जनावरं वाहून गेली. स्वारी परत फिरली. पण परतीच्या वाटेवर रामरायाने आपल्याच दोस्ताकडून मदतीची किंमत वसूल केली. अलीला बागलकोटकडचा मुलूख सोडावा लागला. गोवळकोंड्यालाही काही किल्ले गमवावे लागले.

परराष्ट्र धोरणाचे अभ्यासक युतीतल्या दोन भीती सांगतात. एक, वेळ आल्यावर दोस्त येणारच नाही. दोन, दोस्त आपल्याला नको त्या भानगडीत ओढेल. अलीच्या वाट्याला तिसरीच आली, आणि ती पुस्तकांत थोडी मागे पडते: दोस्त बोलावल्यावर येतो, जिंकून देतो आणि मग जायचं नाव घेत नाही. दर दोन-तीन वर्षांनी पारडं फिरवणाऱ्या रामरायाचं धोरण चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. चार शेजारी आपसांत भांडत असतील तर प्रत्येक वेळी कमजोर बाजूला वजन टाकून सगळ्यांना समान दुबळं ठेवणं, ही जुनी आणि यशस्वी चाल आहे. इंग्लंडने युरोपात कित्येक शतकं हेच केलं. फक्त त्यात एक पथ्य आहे. तराजू धरणाऱ्याने स्वतः पारड्यात बसायचं नसतं. रामराय बसला. १५६१ नंतर नगर, विजापूर आणि गोवळकोंडा या तिघांनाही परस्परांपेक्षा त्याची भीती जास्त वाटू लागली.

तरीही युती आपोआप होत नाही. शत्रू समान आहे म्हणून दोस्ती झाली, हे वाक्य शाळेच्या पुस्तकात ठीक आहे. प्रत्यक्षात अलीपुढचा प्रश्न असा होता: मी सैन्य घेऊन कृष्णेकडे गेलो आणि मागे सोलापुरातून हुसेनचं सैन्य भीमा उतरून विजापुरावर आलं, तर? हुसेनपुढे प्रश्न: विजयनगर मोडलं आणि रायचूर-मुदगल परत मिळालं की अली उलटून माझ्यावरच येणार नाही कशावरून? राजांच्या वर कोर्ट नसतं. तह मोडला म्हणून फिर्याद करायला जागा नसते. म्हणून शब्दाबरोबर काहीतरी गहाण पडावं लागतं, आणि ते असं असावं लागतं की जे देताना देणाऱ्याला खरंच दुखेल.

हे दुखणं सोलापूर होतं. गोवळकोंड्याच्या इब्राहीमने मध्यस्थी केली. मुस्तफाखान अर्दिस्तानी हा त्याचा वकील नगर आणि विजापूरच्या वाऱ्या करत राहिला. शेवटी साटंलोटं ठरलं. हुसेनची चांदबीबी अलीला, आणि अलीची बहीण हुसेनच्या मुलाला, मुर्तझाला. चांदबीबीबरोबर सोलापूरचा किल्ला. दोन्ही मुली दोन्ही दरबारांत ओलीसही झाल्या आणि पाहुण्याही. पण मुलींची अदलाबदल बरोबरीची होती. तराजू खरा हलला तो किल्ल्यामुळे. बुऱ्हाणने वेढा घालून घेतलेली जागा हुसेनने लढाई न करता सोडली. अलीच्या पाठीवरचं ओझं उतरलं. आता तो सगळं सैन्य घेऊन दक्षिणेला जाऊ शकत होता. १५५१ साली विजापूरने सोलापूर आणि रायचूर-मुदगल एकाच युतीमुळे गमावलं होतं. आता पहिलं लग्नात मिळालं आणि दुसरं लढाईत मिळणार होतं. बुऱ्हाण-रामराय वाटणी अलीने तंतोतंत उलटी फिरवली, असं म्हणता येईल.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. अलीने रामरायाकडे आपले किल्ले परत मागितले, नकार आला, आणि १५६४च्या अखेरीस विजापूर, नगर, गोवळकोंडा आणि बीदर यांच्या फौजा तालीकोटजवळ जमल्या. २३ जानेवारी १५६५ रोजी कृष्णेच्या दक्षिणेला लढाई झाली. म्हातारा रामराय पकडला गेला, मारला गेला, आणि विजयनगर शहर लुटलं गेलं. वऱ्हाडचा इमादशहा या युतीत नव्हता, कारण त्याचं हुसेनशी वैर होतं. धर्मासाठी पाच सुलतान एक झाले, असं जे सांगितलं जातं त्यात निदान हा पाचवा कमी पडतो. धर्माची भाषा तेव्हा वापरली गेली, फिरिश्ताने तर मनापासून वापरली आहे. पण हाच इब्राहीम कुतुबशहा गादीवर येण्याआधी सात वर्षं विजयनगरच्या आश्रयाला होता, आणि अलीला रामरायाच्या घरात मुलगा म्हटलं गेलं होतं. वैर नवं होतं, ओळखी जुन्या होत्या.

आणि युती? रायचूर-मुदगल अलीला मिळालं. हुसेन निजामशहा लढाईनंतर काही महिन्यांतच वारला. मुर्तझा लहान, म्हणून त्याची आई खुंजा हुमायूं कारभार पाहू लागली. अली अनेगुंदीकडे सरकू लागला तशी विजयनगरकडच्या लोकांनी तिच्याकडे धाव घेतली, आणि तिने सरळ विजापूरच्या मुलखात फौज घातली. अलीला परत फिरावं लागलं. म्हणजे सासूने जावयावर चाल केली, तीसुद्धा जावयाने ज्यांना बुडवलं त्यांना वाचवण्यासाठी. यात लबाडी शोधण्यात अर्थ नाही. रामराय असेपर्यंत सगळ्यांना रामरायाची भीती होती. तो गेल्यावर सगळ्यात बळकट शेजारी अली होता. हिटलरविरुद्ध एकत्र लढलेले अमेरिका आणि सोव्हिएत संघ चार वर्षांत समोरासमोर उभे राहिले, त्यामागेही हेच गणित होतं. १९४९ साली बारा देशांनी नाटो स्थापन केली तेव्हा कालचा दोस्त हा आजचा धोका झाला होता.

गंमत म्हणजे १५७० साली अली आणि मुर्तझा पुन्हा एकत्र आले, या वेळी पोर्तुगीजांविरुद्ध, कालिकतच्या झामोरिनला सोबत घेऊन. अलीने गोवा घ्यायचा, मुर्तझाने चौल, झामोरिनने मलबार किनाऱ्यावरचं चालियम. कागदावर योजना नामी होती. पण तिघे तीन ठिकाणी लढत होते. समुद्र पोर्तुगीजांचा होता, आणि एका वेढ्यातून सुटलेली गलबतं दुसऱ्या वेढ्याच्या मदतीला जाऊ शकत होती. चौल पडलं नाही, गोवा पडलं नाही. झामोरिनने मात्र चालियम घेतलं. नगर आणि विजापूरने १५७१ साली वेगवेगळे तह करून टाकले.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, सातव्या अधिकरणात, यावर एक नमुनेदार चर्चा आहे. जुने आचार्य म्हणायचे की शपथेवरचा तह डळमळीत असतो, जामीन किंवा ओलीस देऊन केलेला तह पक्का. कौटिल्य ते मानत नाही. शपथ इहलोकात आणि परलोकातही बांधते, जामीन मात्र इहलोकापुरता आणि बळावर अवलंबून, असा त्याचा युक्तिवाद. मग ओलीस कुणाला द्यावं याचा हिशेब तो थंड डोक्याने मांडतो. मुलगा किंवा मुलगी यांपैकी मुलगी देणारा फायद्यात, कारण ती वारस नसते. इतका रोखठोक विचार करणारा माणूस इथे मात्र चुकला, निदान चांदबीबीच्या बाबतीत. १५८० साली अलीचा खून झाला तेव्हा गादीवर आलेल्या लहान इब्राहीमसाठी विजापूरचा कारभार तिने सांभाळला, आणि तेही निजामशाही फौजा नळदुर्गाला वेढा घालत असताना. म्हणजे माहेरविरुद्ध. पुढे १५९५च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद अहमदनगरवर आला तेव्हा तिने माहेरचा किल्ला लढवला आणि तोवर नगरकडे आलेलं वऱ्हाड देऊन तह केला. मुघलांना अडवायला विजापूर आणि गोवळकोंड्याच्या फौजा नगरच्या बाजूने आल्या. १५६४च्या तहातलं जे कलम वारस नसल्यामुळे सर्वांत स्वस्त समजलं जायचं, ते सर्वांत जास्त टिकलं.

आजच्या करारांत मुली आणि किल्ले दिले जात नाहीत, पण गहाण ठेवायची पद्धत गेलेली नाही. नाटोच्या पाचव्या कलमात एकावर हल्ला तो सर्वांवर हल्ला असं म्हटलं आहे, पण प्रत्येक देशाने काय करायचं ते त्याला आवश्यक वाटेल तसं, अशीही मोकळीक आहे. २००१ सालच्या ११ सप्टेंबरनंतर ते एकदाच लागू झालं. मग पश्चिम जर्मनीला कलमावर विश्वास कसा बसायचा? शीतयुद्धाच्या काळात तिथे अमेरिकेचे सैनिक बसले होते म्हणून. बर्लिनमधली अमेरिकन तुकडी सोव्हिएत फौजेला थोपवू शकली नसती. ती मरू शकत होती, आणि तेच तिचं काम होतं, असं थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिलं. भारताने ९ ऑगस्ट १९७१ रोजी सोव्हिएत संघाशी वीस वर्षांचा करार केला, त्यात संकट आल्यास तातडीने सल्लामसलत एवढंच बंधन होतं. त्या डिसेंबरमध्ये भारत-पाक युद्धात अमेरिकेची विमानवाहू नौका ‘एंटरप्राइज’ बंगालच्या उपसागराकडे निघाली तेव्हा तिच्यामागे सोव्हिएत जहाजं आली. कराराची किंमत त्या जहाजांवरून कळली.

सोलापूरच्या किल्ल्याची पुढची कागदपत्रंही तहांचीच आहेत. १६३६ साली शाहजहान आणि आदिलशहा यांनी निजामशाही वाटून घेतली, त्यात सोलापूर आदिलशहाकडे आलं. १६६८ साली विजापूरने मुघलांशी केलेल्या तहात ते मुघलांकडे गेलं. नंतर निजामाकडे, आणि १७९५च्या खर्ड्याच्या लढाईनंतर मराठ्यांकडे. मग ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईत इंग्रजांशी तह केला. या तहात गहाण उलटं ठेवलं गेलं. दुबळ्याने बळकटाची फौज आपल्याच घरात ठेवून घ्यायची, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, आणि दुसऱ्या सत्तांशी व्यवहार कंपनीला विचारून करायचे. हुसेनने किल्ला दिला तो सैन्य मोकळं व्हावं म्हणून. बाजीरावाने मुलूख दिला आणि परराष्ट्र धोरणच संपवलं.

मे १८१८ मध्ये जनरल मन्रो सोलापुरावर आला तेव्हा पेशव्यांच्या बाजूने गणपतराव पानसे लढत होते. १० मे रोजी इंग्रजांनी तटबंदीची पेठ घेतली आणि १५ मे रोजी किल्ला शरण आला. नळदुर्गाकडे निजामाचा मुलूख सुरू व्हायचा, आणि निजाम १७९८ सालापासून तशाच तैनाती फौजेच्या तहाने इंग्रजांना बांधलेला होता. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांकडूनही इंग्रजांनी नोव्हेंबर १८१७ मध्ये तह लिहून घेतला होता. पानशांच्या मदतीला यायला कुणी मोकळं उरलेलं नव्हतं.